प्रचार आणि सोय : दीर्घकालीन आजार, सिंगापूर सरकारचे कार्यक्रम आणि आपली कुटुंबे



जयंतीच्या व्यासपीठावर मधुमेह आणि रक्तदाब यांविषयी बोलावे, हे काहींना औचित्याला सोडून वाटण्याचा संभव आहे. परंतु शासनाने लोकांना आरोग्याविषयी शहाणे करावे की नाही, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनासंबंधीचा एक बिनसरकारी ठराव चर्चेला आला. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात उपस्थित राहू शकले नाहीत, म्हणून स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी तो मांडला. ठरावात दोन मागण्या होत्या. सरकारने सर्वसामान्य जनतेत या विषयाचा जोरदार प्रचार करावा, ही पहिली. आणि ते ज्ञान आचरणात आणण्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, ही दुसरी. ठराव नामंजूर झाला. तथापि, त्यातील दोन मागण्यांची जोडी मला आजही मोलाची वाटते. सोयीवाचून केलेला प्रचार हा कोरडा उपदेश ठरतो, आणि प्रचारावाचून उभारलेली सोय जाणकारांपुरतीच उरते. याच दुहेरी कसोटीवर, ज्या देशात आपण आज राहत आहोत, त्या सिंगापूरचे आरोग्यविषयक कार्यक्रम आपण तपासून पाहू.

दीर्घकालीन आजारांचे वैशिष्ट्य असे की, ते हाक देऊन येत नाहीत. पटकी, देवी, प्लेग या रोगांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या वस्त्या ओस पाडल्या. पण त्या शत्रूला चेहरा होता. मधुमेह आणि उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे शरीरात मुक्काम ठोकून असतात आणि माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. जेव्हा जाणवते तेव्हा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा किंवा हृदय यांपैकी काहीतरी दुखावलेले असते. सबब, या आजारांत वेदनेची वाट पाहणारा मनुष्य हटकून उशिरा पोहोचतो. ज्याला काहीही होत नाही अशा माणसाला तपासणीस उद्युक्त करणे, हेच या कार्यक्रमांचे खरे काम आणि त्यांतील खरी अडचणही तीच.

सिंगापूरने हे काम १९९२ साली राष्ट्रव्यापी प्रमाणावर हाती घेतले. पंतप्रधान गोह चोक टोंग यांच्या हस्ते राष्ट्रीय निरामय जीवनशैली कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच वर्षी शाळांतून ‘ट्रिम अँड फिट’ ही योजना आली. वजन अधिक असलेल्या मुलांना वेगळे काढून त्यांच्याकडून जादा व्यायाम करून घेतला जाई. स्थूल मुलांचे प्रमाण घटलेही. परंतु योजनेची इंग्रजी आद्याक्षरे उलटी वाचली की ‘लठ्ठ’ या अर्थाचा शब्द होतो, हे मुलांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. चिडवणे, हिणवणे आणि संकोच यांची तक्रार पालक करू लागले. अखेर २००७ साली ती योजना बंद करून सर्वच मुलांचा विचार करणारी व्यापक योजना आणण्यात आली. माणसावर शिक्का मारून त्याला रांगेतून वेगळे काढले की त्याच्या मनावर काय परिणाम होतो, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आजारी माणसाला लाज वाटेल अशा रीतीने केलेला प्रचार त्याला दवाखान्यापासून दूरच नेतो.

पुढे १ एप्रिल २००१ रोजी आरोग्य संवर्धन मंडळाची स्थापना झाली. २००६ साली दुसऱ्या कसोटीच्या, म्हणजे सोयीच्या दिशेने महत्त्वाचे पाऊल पडले. १९८४ पासून चालत आलेल्या ‘मेडिसेव्ह’ या सक्तीच्या वैद्यकीय बचत खात्यातील पैसा मुख्यतः इस्पितळातील मुक्कामासाठी वापरता येई. तो आता मधुमेहासारख्या आजारांवर बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या उपचारांसाठीही, ठरावीक मर्यादेत, वापरता येऊ लागला. दरमहा औषधे घ्यावी लागणाऱ्या रुग्णाला याचा अर्थ चांगलाच समजला असेल.

एप्रिल २०१६ मध्ये आरोग्यमंत्री गान किम योंग यांनी संसदेत मधुमेहाविरुद्ध युद्ध पुकारले. ऑगस्ट २०१७ मध्ये पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या मेळाव्यातील भाषणात, जिथे सामान्यतः अर्थकारण आणि राजकारण यांची चर्चा अपेक्षित असते तिथे, मधुमेहाला मोठे स्थान दिले. सिंगापुरातील नऊ प्रौढांपैकी एकास मधुमेह आहे, आणि साठीपुढील भारतीयांत तर दहांपैकी सहा जणांना तो आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तत्पूर्वी २०१० सालच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण चिनी वंशीयांत ९.७ टक्के, मलय समाजात १६.६ टक्के आणि भारतीयांत १७.२ टक्के आढळले होते. बंधूंनो, या तक्त्यातील ‘भारतीय’ या रकान्यात आपणही मोजले जातो.

भारतीयांतच हे प्रमाण इतके का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रातून आलेला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची अपत्ये यांचा अभ्यास चालविला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा पुष्कळच कमी. परंतु हे बाळ सर्वच बाबतीत लहान नव्हते. स्नायू आणि अंतर्गत अवयव कमी भरलेले, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली, असा त्याचा घाट होता. वरून सडपातळ, आतून स्थूल. आईच्या उदरात कमी पोषण मिळालेले असे शरीर पुढे भरपूर अन्न आणि कमी श्रम यांच्या गाठीला पडले की मधुमेहाचा धोका वाढतो. याच स्वरूपाच्या आशियाई संशोधनामुळे सिंगापूरने २००५ साली देहभार निर्देशांकाची धोक्याची पातळी २५ वरून २३ वर आणली. म्हणून “मी कुठे जाड आहे?” हा प्रश्न आपल्यापैकी कोणी स्वतःला धीर देण्यासाठी विचारू नये.

या संशोधनाकडे आपण आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्यांच्या घरच्या माता पिढ्यान् पिढ्या शिळ्यापाक्यावर राबल्या, गरोदरपणीही ज्यांना शेतातून आणि गिरणीतून सुटका नव्हती, त्यांची नातवंडे आज वातानुकूलित कचेऱ्यांत बसून काम करतात. शिक्षणाने आपली स्थिती एका पिढीत पालटली. शरीर इतक्या त्वरेने पालटत नाही. सामाजिक अन्यायाचा हा एक हिशेब रक्तातील साखरेच्या रूपानेही चुकवावा लागतो, असे मला वाटते. स्वतः बाबासाहेबांना संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते, आणि पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप लागत नसे. आजची औषधे आणि तपासण्या त्या काळी नव्हत्या. आज त्या आपल्या दाराशी आहेत.

प्रचार कसा असावा याचा एक सुंदर दाखला संयुत्त निकायात आहे. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन, धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी मिताहारावर एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावले आणि ताट समोर आले की ती म्हणण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. त्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले. राजाचा आहार हळूहळू उतरत नाळीभर भातावर आला आणि त्याची काया हलकी झाली. या कथेत भोजनाचा त्याग नाही, उपवासाचे अवडंबर नाही आणि निंदाही नाही. योग्य गोष्ट योग्य क्षणी आठवून देणारा एक आवाज मात्र आहे, आणि तो राजाने स्वतः खर्च करून ठेवलेला आहे.

सिंगापूरची ‘न्यूट्री-ग्रेड’ पद्धत नेमके हेच करते. ३० डिसेंबर २०२२ पासून बाटलीबंद आणि डबाबंद पेयांना, तर ३० डिसेंबर २०२३ पासून दुकानात ताज्या बनविलेल्या पेयांनाही, साखर आणि संपृक्त मेद यांच्या प्रमाणानुसार ‘ए’ ते ‘डी’ अशा श्रेणी मिळतात. शंभर मिलिलिटरमध्ये दहा ग्रॅमहून अधिक साखर असेल तर श्रेणी ‘डी’, आणि ‘डी’ श्रेणीच्या पेयाची जाहिरात करण्यास मनाई. ज्या क्षणी हात बाटलीकडे जातो त्याच क्षणी ती खूण डोळ्यांसमोर येते. कोपीटियममध्ये ‘सिउ दाई’ म्हटले की साखर कमी आणि ‘कोसोंग’ म्हटले की साखर नाही, एवढे दोन शब्द आपल्या ज्येष्ठांनी शिकले तरी दिवसाकाठी कितीतरी चमचे साखर वाचते. भाताच्या बाबतीतही आरोग्य संवर्धन मंडळाचा २०१४ पासूनचा ताटाचा नमुना सोपा आहे : अर्धे ताट भाज्या आणि फळे, पाव ताट भात किंवा पोळी, शक्यतो कोंड्यासह, उरलेले पाव ताट डाळी, मासे, अंडी, मांस.

आता उणिवांकडे वळू. ५ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘हेल्दिअर एस. जी.’ या योजनेत चाळीशीपुढील नागरिक आणि कायम रहिवासी यांनी एका कुटुंब-डॉक्टरकडे नाव नोंदवावयाचे असते. नोंदणी केलेल्या नागरिकांना शिफारस केलेल्या तपासण्या आणि लसी विनामूल्य मिळतात. प्रचार आणि सोय यांची सांगड येथे चांगली बसली आहे. परंतु नोकरीच्या परवान्यावर आलेले आपले तरुण आणि मुलांकडे काही महिने राहावयास आलेले आपले आईवडील या योजनेच्या बाहेर आहेत. प्रचार इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ या चार राजभाषांत होतो. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या आपल्या आईला यांपैकी एकही भाषा येत नसेल, तर भिंतीवरील भित्तिपत्रक तिच्यासाठी केवळ रंगीत कागद आहे. ही उणीव सरकार भरून काढील अशी वाट पाहण्यापेक्षा आपल्या संघटनेने ती भरून काढावी.

दुसरी गोष्ट विशेषतः विदर्भातील कुटुंबांसाठी. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेल रक्तदोषाची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा दोष विदर्भातील आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही आढळतो, हे सर्वज्ञात आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तिचा भर आदिवासी भागांवर आहे. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा लग्न जुळविताना पत्रिका पाहण्याचे आपण सोडले, त्या जागी रक्ततपासणी आणावी. याचा मधुमेहाशीही संबंध आहे. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणी वाहकांत प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. सिंगापुरात हा दोष विरळ असल्याने येथील डॉक्टर त्याविषयी आपण होऊन विचारतीलच असे नाही. आपण वाहक असाल किंवा घरात कोणी असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, म्हणजे ते उपाशीपोटी साखर तपासून खात्री करून घेतील.

शेवटी, काही सूचना आपल्या विचारार्थ ठेवतो. संघटनेने मधुमेह, रक्तदाब आणि सिकलसेल यांवर सोप्या मराठीत प्रत्येकी एक पानाचे पत्रक तयार करावे आणि ते आपल्यातील डॉक्टर-परिचारिकांकडून तपासून घ्यावे. येथे येणाऱ्या प्रत्येक आईवडिलांजवळ औषधांची नावे, मात्रा आणि आजार यांची इंग्रजी-मराठी चिठ्ठी असावी. प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रवेशद्वारी रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे. २०२१-२२ च्या पाहणीनुसार येथील प्रौढांपैकी ३७ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि तो मोजावयास पाच मिनिटे पुरतात. आपल्या भोजनात बुंदीचा लाडू राहू द्या, पण सरबताच्या जागी ताक आणि पाणी येऊ द्या. गावाकडच्या भावंडांना कळवा की भारतातही तिशीपुढील प्रत्येकाची या आजारांसाठी तपासणी करण्याचा शासकीय कार्यक्रम आहे. आशाताई अर्ज घेऊन दारी आली तर तिला परत पाठवू नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपण येथून पाठविलेल्या पैशाइतकेच महत्त्व आपण येथून पाठविलेल्या माहितीलाही आहे.

आणि भगिनींना एक विशेष विनंती. घरातील सर्वांची औषधे वेळेवर देणारी स्त्री स्वतःच्या तपासणीची तारीख पुढे ढकलीत राहते. भावी मातेचे पोषण हेच भावी पिढीच्या मधुमेहाविरुद्धचे पहिले औषध आहे, हे पुण्याजवळच्या त्या खेड्यांनी दाखविले आहे. म्हणून तपासणीच्या यादीत पहिले नाव तिचे लिहावे.

१९३८ च्या ठरावाने शासनाकडे प्रचार आणि सोय मागितली होती. या भूमीत दोन्ही बऱ्याच अंशी सिद्ध आहेत. त्यांचा लाभ घेणे आणि ज्यांच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत त्यांच्यापर्यंत त्या नेणे, एवढे काम आपल्याकडे उरते. ते पुढील जयंतीपर्यंत सुरू झालेले असावे, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जयभीम.