कुडाच्या भिंतीवरून जपानला

मिरा-भाईंदरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

डहाणूचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे जपानला गेले. तोकामाची शहरात जुन्या शाळेत मिथिला संग्रहालय आहे. तिथे राहून त्यांनी चित्रं काढली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जपानच्या जुन्या घरांतही बांबूच्या जाळीवर माती लिंपलेली असते, जशी आपल्याकडे कारवीच्या कुडावर शेणमाती.

ही कला मुळात बायांची. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सवाशिणीच लिहितात. त्याखाली नाव मात्र कुणाचंच नसतं.

म्हणून गटाची वस्तू प्रदर्शनाला पाठवताना चिठ्ठीवर करणारीचं नाव घाला. किमतीत मजुरी धरा. पैसे कधी मिळणार, ते आधी कागदावर लिहून घ्या.