शुश्रूषेतील दुर्लक्ष हाही छळच



वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्रे यांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण एका परिचारिकेला दिलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. या पदावरून एकच विषय मांडण्याचे मी ठरवले आहे : आपल्या देखरेखीखालील वृद्धांचा छळ आणि हेळसांड.

घरात मुले-सुना आईवडिलांशी कशी वागतात, यावर मराठी समाज भरपूर बोलला आहे. १९७० साली ‘नटसम्राट’ हे नाटक रंगभूमीवर आले, त्याला अर्धशतक उलटून गेले. मुलांना जाब विचारणे आजही चालूच आहे. पण करार करून, दरमहा पैसे घेऊन वृद्धांची जबाबदारी स्वीकारणाऱ्या आपल्याला जाब कोणी विचारायचा? माझे उत्तर असे की, सर्वांत आधी आपणच.

जागतिक आरोग्य संघटनेने संस्थांमधील पाहण्यांवरून मांडलेला निष्कर्ष गंभीर आहे. दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, मागच्या वर्षभरात आपल्या हातून वृद्धांचा छळ घडला, असे स्वतः सांगितले होते. इतकी माणसे दुष्ट असू शकत नाहीत. कामाची रचनाच चुकते आहे. रात्री अख्खा मजला एकाच मावशीवर, म्हणजे सेविकेवर, सोपवला, की वेळच्या वेळी कूस बदलली जात नाही. ओला डायपर सकाळपर्यंत तसाच राहतो. उठून चालू लागणाऱ्या आजोबांचा हात ओढणीने कॉटला बांधला जातो. रात्री लघवीसाठी उठवावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी देणे बंद केले जाते. कोणी आरडाओरडा केलाच, तर डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी दिली जाते. यात कोणी हात उगारलेला नसतो, म्हणून कुठे नोंद होत नाही. मी याला छळच म्हणते, आणि या अधिवेशनानेही तसेच म्हणावे.

हा छळ ओळखायचा कसा? आधी शरीर पाहायचे. माकडहाड, खुबा, टाच या जागी बोटाने दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी असते. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. तिथे हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का, ते पाहावे लागते. कोरडी जीभ, गडद लघवी, एकाएकी वाढलेला गोंधळ यांमागे पाणी कमी पडणे हे कारण असू शकते. दर महिन्याला वजन केले नाही, तर कमी पडणारे अन्न कोणाच्या लक्षातच येत नाही. उतारवयात कातडी पातळ होते, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्यामुळे हातापायांवर सहज काळेनिळे डाग उठतात. तेवढ्यावरून कोणावर आळ घेऊ नये. मात्र मान, कान, पाठ किंवा दंडाच्या आतल्या बाजूला डाग असतील, मनगटाभोवती वळ असेल, किंवा एकाच जखमेची दोघांनी दोन कारणे सांगितली, तर चौकशी झालीच पाहिजे.

मग वागणे पाहायचे. ठरावीक माणूस खोलीत आला की आजी गप्प होतात का? अंघोळीला नेताना अंग चोरतात का? पेन्शनच्या सुमारास कोणी सही किंवा अंगठा घ्यायला येते का? स्मृतिभ्रंश झालेल्यांची तक्रार तर ‘त्या काहीही बोलतात’ म्हणून झटकली जाते. आजची तारीख न आठवणाऱ्या माणसालाही दुखते, त्यालाही भीती वाटते. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

संशय आला, की पहिले काम वृद्धाला सुरक्षित करण्याचे. ज्याच्यावर संशय आहे त्याला त्यांच्या सेवेतून तत्काळ बाजूला करा आणि डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. तारीख, वेळ, जखमेची जागा आणि आकार लिहून ठेवा. वृद्धाशी एकांतात बोला; पुढे काय व्हावे, हे आधी त्यांनाच विचारा. त्यांच्या संमतीने घरच्यांना त्याच दिवशी कळवा. संशय घरच्यांवरच असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जिवाला धोका असेल तर ११२ लावा. मावशीला काढून टाकून प्रकरण मिटवण्याची आपली सवय सर्वांत घातक. सेविका पुरवणारा ब्युरो तिला दुसऱ्या दारी पाठवतो, आणि आपल्या मजल्यावर रात्री माणसे तेवढीच राहतात.

कायद्याचेही पाहू. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवतो. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार जाणूनबुजून मोडणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ नुसार शिक्षा होऊ शकते. ही कलमे नुकसान झाल्यावर कामी येतात. वृद्धाश्रम आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी व्हावी, त्यांना किमान दर्जा बंधनकारक असावा, अशी तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. ही मागणी या अधिवेशनाने ठरावाद्वारे पुन्हा करावी, अशी माझी सूचना आहे.

मात्र सरकारची वाट पाहत बसण्याची गरज नाही. नातेवाइकांना कोणत्याही वेळी, न कळवता येऊ द्या. ब्युरोकडून येणाऱ्या प्रत्येकाला कामाला लागण्याआधी प्रशिक्षण द्या. बारा तासांच्या पाळीत विश्रांती द्या आणि पगार वेळेवर करा. थकलेल्या, उपाशी माणसाकडून मायेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आणि सहकाऱ्याची चूक सांगणाऱ्या मावशीची नोकरी जाणार नाही, याची लेखी हमी द्या. छळ सर्वांत आधी तिलाच दिसतो.

संचालक मंडळींना शेवटची विनंती. रात्रपाळीत किती वृद्धांमागे किती माणसे असतात, हा आकडा आपल्या संस्थेच्या प्रवेशद्वारापाशी सर्वांना दिसेल असा लावा. ज्यांना तो लावायला संकोच वाटतो, त्यांनी आधी माणसे वाढवावीत आणि त्यानंतरच नवा वृद्ध दाखल करून घ्यावा.