शिक्का कुणाचा, घाम कुणाचा
(हदगाव येथील भाषण)

माल हाताचा की मशीनचा हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून सरकार शिक्के मारतं. २००६ साली हातमागाचा आला, २०१३ साली खादीचा. ठीक आहे. आपल्या नांदेडातली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिरंगा बनवते. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली. मशीनवरचा पॉलिस्टरचा झेंडाही चालू लागला. झेंडा देशाचाच, पण सूत कातणाऱ्या बाईचं पोट कुठल्या संहितेत बसतं?

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार जिल्हे, कर्नाटकाचे चार. जिल्हे दिसले; कातडं कमावणारा, ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, तो दिसतो का? किमतीशेजारी मजुरीही छापा, एवढंच मागतोय आम्ही. एमआरपी छापता येते, मग हे का नाही?