वर्गातील धडा व कामाची जागा
(महोत्सवानिमित्त कुळगाव येथे केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की कुळगावच्या घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : आता पुढे काय? पोटापाण्याचा हा प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्या आईबापांस कोणी हलके लेखू नये. परंतु शाळेतले गणित त्या पोटापाण्याच्या कामी कसे पडते, हे मुलांस क्वचितच दाखविले जाते, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

ह्या बाबतीत पुणे जिल्ह्यातील पाबळ गावाचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्तान लिव्हर कंपनीत संशोधन करणारे विद्वान गृहस्थ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुले तेथे लोखंडकाम, वीजकाम, बांधकाम व शेती स्वतःच्या हातांनी शिकू लागली. पुढे हाच क्रम माध्यमिक शाळांतही गेला, आणि विद्यार्थी गावकऱ्यांची लहानसहान कामे मोबदला घेऊन करू लागले. हा मोबदला आम्हांस फार मोलाचा वाटतो. वहीतील चूक तांबड्या शाईने भागते. गिऱ्हाइकाच्या कामातील चूक पदरमोड करून निस्तरावी लागते.

समजा, २ मीटर लांब, दीड मीटर रुंद व १ मीटर खोल अशी टाकी आहे. विद्यार्थी गुणाकार करून ३,००० लिटर पाणी मावेल असे सांगतो. पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर! परंतु ही मापे बाहेरची असली व विटांची भिंत २३ सेंटिमीटर जाड असली, तर आतील लांबी १.५४ व रुंदी १.०४ मीटरच उरते, आणि पाणी मावते सुमारे १,६०० लिटर. पुस्तकातील टाकीस भिंतच नसते. जवळजवळ निम्मे पाणी गेले कोठे, हे ज्याने एकदा टेप धरून शोधले, तो घनफळाचा धडा जन्मात विसरणार नाही.

तथापि मुलास नुसते कारखान्यात धाडले म्हणजे झाले, असे नव्हे. महिनाभर चहा आणून व फरशी झाडून परतलेला उमेदवार काय शिकला? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन दिले, २०२० च्या शिक्षणधोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना कारागिरांपाशी शिकण्याची सूचना केली. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण परत आलेल्या मुलाला वर्गात फळ्यापाशी उभे करून, ‘तेथे काय मोजलेस? ते जुळले का?’ असे मास्तरांनी विचारले पाहिजे. ते न विचारल्यास दहा दिवसांची सहल होते, इतकेच.

अंबरनाथचे कारखाने येथून एका स्टेशनावर आहेत. तेथे काम करून निवृत्त झालेले फिटर व टर्नर ह्या सभेतही बसले असतील. शाळांनी त्यांस महिन्यातून एक तास मानाने बोलवावे, आणि त्यांनी येताना आपले व्हर्नियर कॅलिपर घेऊन यावे. तोवर विद्यार्थीमित्रहो, आपापल्या इमारतीची टाकी मोजून या. भिंतीची जाडी वजा करण्यास मात्र विसरू नका.