दोन पेन्स आणि कापसाचा भाव
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव कोण पाडतो असे विचारले, की कोणी व्यापाऱ्याचे नाव घेतो, कोणी सरकारचे. पण आणखी एक आकडा आहे. तो बाजार समितीच्या फळ्यावर लिहिलेला नसतो. एका देशाचे नाणे दुसऱ्या देशाच्या नाण्यात बदलण्याचा तो दर. जुनी माणसे त्याला हुंडणावळ म्हणत. आम्ही शेतकी कॉलेजात एकरी नत्र किती द्यायचे ते शिकलो, हुंडणावळ कोणी शिकवली नाही. आज ती आपण हिशेब करून शिकू.

इंग्रजांच्या काळात एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स होते. म्हणजे एका पौंडाचे २४० पेन्स. १८९८ च्या सुमारास रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्सांवर स्थिर झाला. १५ रुपयांना एक पौंड. पहिल्या महायुद्धात ही घडी विस्कटली. १९२० साली सरकारने रुपया २ शिलिंगांवर नेऊन पाहिला, तो टिकला नाही. मग १९२६ मध्ये हिल्टन यंग कमिशनने १ शिलिंग ६ पेन्स हा दर सुचवला आणि १९२७ मध्ये त्याचा कायदा झाला. आता पौंडाला १५ ऐवजी १३ रुपये ५ आणे ४ पै. कमिशनचेच एक सभासद, मुंबईचे कापूस व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका लिहून याला विरोध केला होता.

दोन पेन्सांनी असे काय बिघडते? वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाचा भाव लिव्हरपूल-न्यूयॉर्कच्या बाजाराकडे पाहून ठरे. समजा, तिकडे १०० पौंड किमतीचा कापूस गेला. जुन्या दराने त्याचे १,५०० रुपये होत. नव्या दराने झाले १,३३३ रुपये ५ आणे ४ पै. कापूस तोच, परदेशातली किंमत तीच, आणि १६६ रुपये १० आणे ८ पै गेले. नववा हिस्सा गेला. पण शेतसारा रुपयात ठरलेला, तो तेवढाच राहिला. सावकाराचे कर्जही तेवढेच. उत्पन्न नवव्या हिश्शाने घटले, देणे एक पैने घटले नाही.

मग फायदा कोणाचा? इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनी आणि कर्जाचे व्याज लंडनला पौंडात पाठवावे लागे. त्याला कमी रुपये लागू लागले. लँकेशायरचे कापड आपल्या बाजारात स्वस्त झाले. म्हणूनच गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत मिठावरचा कर उठवा, शेतसारा निम्मा करा, यांच्या शेजारी 'रुपया १ शिलिंग ४ पेन्स करा' ही मागणी होती. ती मान्य झाली नाही. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तरी दर १८ पेन्सच राहिला. १९३१ नंतर घराघरांतले सोने विकले गेले आणि बोटी भरभरून देशाबाहेर गेले.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. याच वादात डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले होते, की रुपया स्वस्त झाल्याचा नफा आकाशातून पडत नाही. महागाई वाढते आणि मजुरी मागे राहते, त्यातून तो निघतो. वेचणीला येणाऱ्या बाईचा विचार सोडून हुंडणावळ मोजता येत नाही.

आता डॉलरकडे या. स्वातंत्र्याच्या वेळी एका रुपयाला एक डॉलर मिळे, असे पारावर ऐकायला मिळते. ते खरे नाही. १९४७ साली डॉलरला सुमारे ३ रुपये ३० पैसे पडत. १९४९ मध्ये ४ रुपये ७६ पैसे झाले, ६ जून १९६६ ला ७ रुपये ५० पैसे. जुलै १९९१ मध्ये सरकारने दोन टप्प्यांत रुपया उतरवला आणि डॉलर २६ रुपयांजवळ गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो ८३ वर पोचला, डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या पुढे.

रुपया उतरला तर मघाच्या हिशेबाप्रमाणे आपले भले व्हायला हवे होते. का झाले नाही? कारण वाटेत दार लावलेले असते. १९९१ मध्ये कापसाच्या निर्यातीला कोटा होता आणि महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी होती, आपला कापूस राज्याबाहेर नेणे हा गुन्हा होता. मार्च २०१२ मध्ये निर्यातबंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते वर्षअखेरपर्यंत. बाहेरचा कापूस त्यामुळे सुमारे एक दशांशाने स्वस्त पडला. १९२७ मध्ये जे काम दोन पेन्सांनी केले, तेच काम शुल्काच्या एका आदेशाने होते.

आणि ज्वारीवाल्याचे काय? ज्वारी फारशी परदेशी जात नाही, म्हणून डॉलर वाढल्याचा भाव तिला मिळत नाही. पण पोटॅश बाहेरून येते, डिझेलचे कच्चे तेलही बहुतांश बाहेरून येते. खर्च डॉलरच्या भावाने आणि माल गावच्या भावाने, असा तिचा हिशेब आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. यंदा वेचणी सुरू झाली की प्रत्येक गावाने शाखेच्या फळ्यावर चार आकडे लिहावेत: कापसाचा आपला भाव, परदेशातला भाव, त्या दिवशीचा डॉलर आणि आयात शुल्क. निर्यात बंद असेल तर तेही लिहावे. दर आठवड्याला लिहावेत, वर्षभर पुसू नयेत. पुढच्या मेळाव्याला ते फळे उतरवून आणा. नववा हिस्सा कुठे गेला, हे मग आपणच सरकारला दाखवू.