घरातील दुसरे मूल
(सिल्लोड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या घरात एखादे मूल बुद्धीने मागे राहिलेले असते, किंवा मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणास खिळलेले असते, त्या घरातील आईचा सारा दिवस त्याच्याभोवती फिरतो. त्यास भरविणे, धुणे, रात्री आकडी आली तर उशाशी बसणे, औषधासाठी संभाजीनगरची बस धरणे, यातच ती माउली थकून जाते. तिला दोष देण्यास आम्ही उभे नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्याच घरातील दुसऱ्या मुलाविषयी. ते धडधाकट, म्हणून त्याची विचारपूस कोणी करीत नाही.

शिक्षकाच्या पेशात अशी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. ती मधल्या सुट्टीत घरी धावत जाऊन येतात. अंगात ताप असला तरी सांगत नाहीत. आईला आणखी एक त्रास नको, अशी त्यांची समजूत. लोक 'किती शहाणी पोर!' म्हणून पाठ थोपटतात. दहाव्या वर्षी आलेल्या या शहाणपणाचे आम्हांस कौतुक वाटत नाही. दिवसातील पाव तास तरी केवळ तिचा असावा. मिरचीच्या तोड्याच्या दिवसांत तेही कठीण, हे सिल्लोडकरांस आम्ही काय सांगावे! अशा वेळी चुलतीने, आत्याने तासभर त्या मुलापाशी बसावे. पुण्यास सिंधूताई जोग यांनी १९६४ साली 'कामायनी' ही शाळा काढली. अशा शाळेत एक मूल शिकते, आणि घरी राहिलेल्या भावंडांस तेवढा वेळ आई मिळते. हा दुसरा लाभ सहसा कोणी मोजीत नाही.

आता थोडे कटू बोलतो. थोरलीस पाहावयास पाहुणे आले की धाकट्यास मागल्या खोलीत कोंडणारी घरे आपल्यात आहेत. दोष त्या घरांइतकाच स्थळ मोडणाऱ्यांचा! बाळंतपणात प्राणवायू कमी पडून आलेले व्यंग रक्तातून उतरत नाही. शंका असल्यास डॉक्टरांस विचारावे. परस्पर नकार कळवू नये.

'आमच्यामागे भाऊ बघेलच,' असे आईबाप म्हणतात. त्या भावास कोणी विचारले आहे काय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात बौद्धिक अपंगत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. मूल १८ वर्षांचे झाले की जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीवर असतात, तिच्याकडे अर्ज करावयाचा. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावयाची व पुढे प्रतिवर्षी हिशेब. भावकीतील जमिनीचे तंटे पाहिलेल्यांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मात्र अर्ज लिहिण्यापूर्वी घरातील सज्ञान भावंडांस समोर बसवून विचारावे. लग्न होऊन गेलेल्या लेकीसही विचारावे. कोणी 'नाही' म्हणाले, तर रागावू नये. आपण हयात आहोत तोवरच दुसरी सोय पाहावी.