नेवाळीची धावपट्टी



डोंबिवलीहून सायकली हाणत आपण नेवाळीला जायचो, दुसऱ्या महायुद्धातली ती उजाड धावपट्टी बघायला. तिथे मी जाहीर केलं होतं, 'मी फायटर पायलट होणार.'

बोलायचंय ते मात्र जे खरंच झाले त्यांच्याबद्दल. एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी, आपल्या नांदेड जिल्ह्यातले. २९ डिसेंबर १९८२ ला हवाई दलात लढाऊ वैमानिक झाले. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत ३,८०० तासांहून जास्त उड्डाण, कारगिलच्या वेळी 'सफेद सागर' मोहीम, आणि ३० सप्टेंबर २०२१ ला हवाई दलप्रमुख. मला भावतं ते वेगळंच. खडकवासल्याच्या एनडीएत नागपूरचे मनोज पांडे आणि आर. हरी कुमार त्यांचे कोर्समेट. २०२२ च्या एप्रिलअखेरीपासून दोन वर्षं तिन्ही दलांचे प्रमुख हेच तिघे! असलं गेट-टुगेदर कुणाच्या नशिबी?

आता माझं. चष्म्यामुळे हुकलं, असं चाळीस वर्षं तुम्हाला सांगत आलोय. खोटं होतं ते. वैमानिकांच्या चाचणीत हाताने दांडी, पायाने पेडल सांभाळत पडद्यावरचा ठिपका चौकटीत धरायचा होता. मला जमलं नाही. ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. चष्म्याची गोष्ट मी परतीच्या गाडीत रचली.

त्या प्रवासाचे पैसे गणिताच्या सरांनी दिले होते. सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत आहात, म्हणून सांगितलं.